गावात डॉक्टर होता

“अपेंडिक्स फुटलंय,” सांगलीच्या इस्पितळातल्या सर्जननी माझ्या बायकोच्या पोटावरचा हात उचलत सांगितलं. “पेरिटोनायटिस झालाय.” मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला बोटाएवढी नळी असते. ती सुजून फुटली की पू पोटभर पसरतो. हे मला नंतर समजलं. त्या वेळी एवढंच कळलं, की उशीर झाला.

“कधीपासून दुखतंय?”

“तीन दिवस.”

“गावात डॉक्टर नाही?”

“न्हाई,” मी म्हणालो.

होता. आमच्या कडेगावात एस.टी. स्टँडजवळ डॉक्टरांचा दवाखाना होता. आमच्याच गावचे, बौद्धवाड्यातले, पुण्याला शिकून आलेले. बाटलीत मिक्श्चर करून देत, त्यात पाणी त्यांच्या माठातलं. आमच्या आळीतली माणसं त्यांच्याकडून गोळ्या आणत, मिक्श्चर आणत नसत. मी तर त्या दारालाही गेलो नव्हतो.

पहिल्या दिवशी बेंबीभोवती दुखत होतं. दुसऱ्या दिवशी कळ उजवीकडे खाली उतरली, ताप आला. शालन म्हणाली, “आवं, ष्टँडावरच्या डॉक्टरास्नी दावूया की. लोक म्हणत्यात, हात चांगला हाय.”

“त्येच्या माठातलं पाणी पिणार हायस?” मी विचारलं.

ती भिंतीकडे तोंड करून पडून राहिली. पोट साफ होईल म्हणून मी तिला एरंडेल पाजलं. अशा दुखण्यात जुलाबाचं औषध कधी देऊ नका. त्यानं नळी फुटायला मदतच होते, असं सर्जन म्हणाले.

तिसऱ्या दिवशी सकाळी कळ एकाएकी थांबली. मला हायसं वाटलं. दुपारी पोट फळीसारखं ताठ झालं, तेव्हा सांगलीची गाडी धरली.

तातडीच्या विभागात पाय ठेवायला जागा नव्हती. गावच्या डॉक्टरची चिठ्ठी असलेल्यांना आधी आत घेत. आमच्याकडे चिठ्ठी नव्हती, म्हणून बाकावर बसलो. शेजारी खोकल्याचा एक म्हातारा होता. त्याला विचारलं, गावात डॉक्टर नाही का.

“हाय की. पर नुसत्या गोळ्याच देतोय. सुई टोचतच न्हाई गड्या. त्यो कसला डॉक्टर?”

बाकावरचे हसले. पोट धरून बसलेली शालनही जराशी हसली. खरूज, पडसं, ठेचाळलेलं बोट, अशीच निम्मी माणसं तिथं होती, आणि आत डॉक्टर दोनच. आमचा नंबर यायला चार तास लागले.

ऑपरेशन झालं. पोटात रबरी नळी, हाताला सलाईन. रोज पू जायचा, रोज ताप चढायचा. सर्जन म्हणाले, “दुसऱ्याच दिवशी चिठ्ठी घेऊन आला असता, तर चालत घरी गेली असती.” नवव्या दिवशी ती गेली.

दिवसकार्य झाल्यावर स्टँडजवळचे डॉक्टर भेटायला आले. ओट्याखालीच उभे राहिले. मी वर या म्हणालो नाही. किती दिवस दुखत होतं, त्यांनी विचारलं. एकाएकीच झालं, मी म्हणालो.

“मग कुणाच्याच हातात नव्हतं, आण्णा. मनाला लावून घेऊ नका.”

पुढच्या वर्षी त्यांनी दवाखाना आटपाडीला नेला.

तुमच्या गावात डॉक्टर असेल तर आधी त्याच्याकडे जा. तो कुणाचा, हे विचारू नका. साधं दुखणं तो तिथंच बरं करील, अवघड असलं तर चिठ्ठी देईल. इस्पितळातला तो बाक कुणा शालनसाठी मोकळा राहील.

सर्जनचे, नर्सबाईंचे मी हात जोडून आभार मानले. स्टँडजवळचे डॉक्टर धीर द्यायला दारापर्यंत आले, त्यांचे मानायचे तर आधी खरं सांगावं लागेल. आटपाडीची गाडी रोज सकाळी सुटते. मी अजून तिच्यात बसलेलो नाही.