खिसा तेवढा काढायचा नाही

आमच्या समोरच्या काकूंइतकं पुरुषांच्या छातीकडे टक लावून पाहणारं माणूस अख्ख्या परभणी जिल्ह्यात नसेल, आणि तरी त्यांच्याबद्दल पूर्णेत कुणी एक वावगा शब्द काढला नाही. कारण काकू माणूस पाहतच नसत, शर्टाचं कापड पाहत. एकदा आमचे साहेब घरी चहाला आले, तर काकू थेट आत आल्या आणि त्यांची कॉलर चिमटीत धरून म्हणाल्या, "साहेब, कापड लय झाक हाय. टाकताना आवाज द्या बरं." साहेबांचा चहा बशीत सांडला. रेल्वेतले काका एका सकाळी ड्युटीसाठी पॅन्ट शोधायला लागले, तर तिचा स्कर्ट झालेला, आणि तो घालून त्यांची लेक कॉलेजला गेलेली. "दुसरी हाय की," काकू म्हणाल्या. दुसरीचा एक पाय उसवून झाला होता.

जुने मर्दानी कपडे उसवायचे आणि त्यांचे झंपर, कुर्ते, परकर करायचे, तेही सगळं हातानं. "मशीन कापडाचं ऐकत न्हाई, नुसतं दामटतं," असं म्हणत. खांदे आत घेत, कॉलर उडवत, पण शर्टाचा खिसा कधी काढत नसत. "बाईला काय ठेवायचंच नसतं व्हय?"

आता जे सांगतो, ते गेल्या महिन्यापर्यंत कुणाला सांगितलं नव्हतं. बाबांचं तेरावं झालं आणि खुंटीवरचे त्यांचे शर्ट मला बघवेनात. आई देवळात गेली होती. दारात भांडेवाली आली. मी सगळे शर्ट तिला देऊन एक पातेलं घेतलं, आणि आईला सांगितलं, गरजूंना वाटले. ती एवढंच म्हणाली, "एखादा ठेवायचा रे."

काही दिवसांनी काकू आल्या. हातात झंपर. निळ्या रेघांचा, खिशावर सुपारीचा डाग. बाबांचाच शर्ट! भांडेवाली आपलं गाठोडं आधी काकूंपुढे सोडते, हे मी विसरलोच होतो. काकूंनी माझ्याकडे पाहिलं, गॅसवरच्या नव्या पातेल्याकडे पाहिलं.

"वैनी, तुमच्या पोरानं दिलता गुपचूप शिवायला."

आईनं माझ्या डोक्यावर हात ठेवला. पुढं कैक वर्षं आई तो झंपर घालत राहिली, खिशात चष्मा ठेवत राहिली, आणि येईल त्या पाहुण्याला माझं कौतुक सांगत राहिली. मी मान खाली घालून ऐकायचो.

गेल्या महिन्यात तेच पातेलं गॅसवर होतं. कसं कोण जाणे, मी सगळं बोलून गेलो. आईनं गॅस बंद केला. अंगातल्या त्याच झंपराच्या खिशावर तिनं हात ठेवला.

"दूध दुसऱ्यात ओत," ती म्हणाली, "आन् हे पातेलं काकूला देऊन ये."

काकू आता फार थकल्यात. पातेलं चाचपून म्हणाल्या, "याचा काय परकर शिवू?" मग त्यांचा हात माझ्या कॉलरवर आला. "कापड चांगलं हाय रे. बोटं चालतात अजून, पर सुईचं नाक दिसत न्हाई."

मी तिथंच बसलो आणि त्यांच्या असतील नसतील तेवढ्या सुयांत दोरे ओवून ठेवले. घरी आलो तेव्हा अंगात बनियन तेवढं होतं.