पौर्णिमाच्या फरशीचा ढाळ

माही भाची पौर्णिमा फरशा बसवते. पन तिच्या हाताले सिमेंट लागत नाही अन् तिच्या फरशीवर पाय ठेवता येत नाही. पयल्यांदा ऐकलं तवा मी म्हटलं, "बाप्पा! हे कोनतं काम होय वं?"

ती हासली. म्हने, "आत्या, पोट्टे मोबाईलवर गेम खेळतात ना, त्यातल्या गल्ल्या, चौक, आंगनं कोनीतरी बनवतेच ना? त्यायची फरशी मी बनवते."

आता मी काही अडानी नाही. मी शेवंताबाई. बारा वर्सं रेजा म्हून डोक्यावर घमेलं वाह्यलं, ते माह्या भावाच्याच हाताखाली. महागू माहा भाऊ, पौर्णिमाचा बाप. फरशीचा मिस्त्री. मलाजखंडले कंपनीचे क्वार्टर, वारासिवनीले राईस मिलचं आंगन, इथं बालाघाटले आमच्या वार्डातला विहार, कुठंबी जा, त्याची फरशी सापडते.

त्याची एक खोड होती. फरशी झाली का भिंतीजवळ लोटाभर पानी टाकाचं अन् उभं राहून पाह्याचं. पानी सरळ मोरीकडे गेलं तं बरं. कुठं थबकलं तं तेवढी फरशी उखडाची, मालक किती का बोंबलेना. राईस मिलच्या आंगनात तं त्यानं दोन डाव उखडलं. तिथं धान वाळत घालतात, पानी थांबलं का धान काळं पडते. अन् पानी निघाल्याबिगर हा बाबा हात धूत नसे! हातावर सिमेंट वाळून पांढरं फट्ट, डब्यातली भाकर थंडी, मी उपाशी, अन् हा आपला पाह्यत उभा. किती शिव्या घातल्या असतीन मी त्याले, मोजल्या नाहीत.

तीन वर्सं झाली, त्याचे गुडघे गेले. तवापासून खाटेवर. बोलनं कमी झालं. हात मऊ पडले, अन् त्याची त्यालेच लाज वाटे. कोनी आलं का दुपट्ट्याखाली लपवे.

त्याच खोलीत दुसऱ्या भिंतीले पोरीचा कम्प्युटर. कोनी शिकवलं नाही तिले, व्हिडिओ पाहू पाहू शिकली. मले एक दिवस समजावून सांगतलं. कम्प्युटर सारी दुनिया त्रिकोनायनं बनवते. त्रिकोन जितके कमी, तितका गेम हलका चालते, साध्या मोबाईलवरबी अडकत नाही. अन् सारं गाव एकदम बनवत नाहीत. सात-आठ तुकडे बनवाचे, तेच फिरवून फिरवून एकमेकाले भिडवाचे, का झाला चौक तयार. मी म्हटलं, "हौ, हे तं आमचंच काम झालं. फक्त डोक्यावर वजन नाही."

तं झालं असं का बंगलोरच्या एका कंपनीनं तिची परीक्षा घेतली. जुन्या गावाच्या चौकाची फरशी बनव, तुकडे जास्तीत जास्त आठ, त्रिकोन कमीत कमी. पास झाली तं सालभर घरी बसून काम. नाही झाली तं पोरगी नागपूरले जानार, एका हापिसात फोन उचलाले. तिथं सोमवारी हजर व्हाचं ठरूनच गेलतं. बॅगबी काढून ठेवली होती. तिले जाचं नोतं. हेच काम पाह्यजे होतं तिले, जिवापासून.

पोरीनं तुकडे बनवून पाठवले. मंगळवारी कंपनीच्या दीपिका म्याडमचा फोन आला. हिंदीत बोलली, पन गोड नाही बोलली. म्हने, तुहे तुकडे जुळत नाहीत. एक फिरवून दुसऱ्याजवळ ठेवला का मधात भेग दिसते, खेळनाऱ्याचा पाय हवेत राह्यते. बाकी साऱ्यायनं सपाट फरशी पाठवली, तूबी सपाट कर. शुक्रवारपर्यंत. एकच मौका आहे.

मी पाह्यलं तं खरंच. दर तुकड्याची एक कड उंच, एक खाली. माही जीभ काही आवरत नाही. म्हटलं, "नाचता येईना, आंगन वाकडं म्हनतात. तुहं तं आंगनच वाकडं निंगालं!"

पोरगी रडाले लागली. मग मले वाटलं, शेवंते, तुह्या तोंडाले कुलूप लावाले पाह्यजे.

"काहून केलं वं असं?"

"फरशी म्हटली का ढाळ पाह्यजे ना, आत्या. सपाट फरशी असू शकते, हे माह्या ध्यानातच नाही आलं."

आता सांगा! ज्या लेकरानं लहानपनापासून बापाले लोटा घेऊन उभं पाह्यलं, ते दुसरं का करीन? मले त्या दीपिकाचाच राग आला. आली मोठी!

पोरीनं डोळे पुसले. सपाट कराले पाच मिनिटं लागतीन म्हने. हात कम्प्युटरवर गेलाच होता, तवर खाटेवरून आवाज आला.

"थांब."

महागू उठला. भिंत धरत धरत आला अन् तीन वर्सांत पयल्यांदा त्या कम्प्युटरपुढं बसला. लय वेळ पाह्यलं. मग खडू मागतला अन् खालीच चौक काढला.

"दर फरशीले ढाळ नसते देत, पोरी. ढाळ चौकाले असते. भिंतीजवळची ओळ उंच, जराशीच कललेली. त्याच्या आतली उताराची. कोपऱ्याची येगळी. मधात नाली, नालीच्या तोंडाले जाळी. अन् जिथं दोन फरशा भेटतात तिथं दोघींची कड एका उंचीची. मंग कशीबी फिरव, भेग पडनार नाही."

पौर्णिमा बोटावर मोजाले लागली. तुकडे सातच होऊन राह्यले होते. त्रिकोनबी फक्त कोपऱ्यात दोन-चार वाढत होते.

मी मधात पडली. म्हटलं, "म्याडमनं सपाट मागतलं तं सपाट दे अन् मोकळी हो! नोकरी पाह्यजे का शहानपन?" खरं सांगते, मी भ्याली होती. पोरगी नागपूरले गेली असती तं हा खाटेवरचा मानूस पुरा मुका झाला असता.

ती म्हने, "सपाट तं कोनीबी देईन, आत्या."

बापाचीच लेक. गाढवापुढं वाचली गीता!

दोन दिवस दोघं बाप-लेक त्या कम्प्युटरले चिकटले. गुरवारी दुपारी चौक झाला. महागू म्हने, "पानी टाक." आता कम्प्युटरमंधी पानी कुठून आनाचं? पन तिच्याजवळ अक्कल होती. तिनं कम्प्युटरमंधीच भिंतीजवळ बारीक बारीक कंचे सोडले, पोट्टे गोट्या खेळतात ना तसले. सारे घरंगळत जाळीकडे निघाले, एक कोपऱ्यात अडकला.

महागू म्हने, "उखड."

पोरीनं कोपरा काढून फेकला, नवा बनवला. पुन्हा कंचे सोडले. पुन्हा एक अडकला. "उखड." तिसऱ्या डावात सारे कंचे जाळीत गेले. मी टाळ्या पिटल्या, पन तो बसला तसाच. म्हने, "मालकीन पाहीन तवा खरं."

शुक्रवारी सकाळी पाठवलं. शनिवारी जेवाच्या वक्ताले म्याडमचा फोन आला, तोंड दिसते तसला. पयलीच गोष्ट तिनं विचारली, "मैंने तो फ्लैट बोला था ना?"

माही नजर त्या बॅगेवर गेली.

पौर्णिमा म्हने, "म्याडम, फिरवून पाहा, आता भेग नाही."

दीपिका म्हने, सकाळपासून तेच करून राह्यली मी. साऱ्या बाजूनं फिरवलं, एकबी भेग नाही. अन् आमच्या गेममंधी त्या चौकात पाऊस पडते. दुसऱ्यायच्या फरशीवर पानी कुठं दाखवाचं तेच कळत नोतं. तुह्या फरशीनं आपोआप सांगतलं. काम तुलेच, सालभर. पन हे तुले सांगतलं कोनं?

पोरीनं फोन बापाकडे फिरवला. महागूनं हात दुपट्ट्याखाली लपवले. म्हने, "म्याडम, ते जाळी साफ कोन करते? कचरा अडकला तं सारं पानी चौकात येईन."

म्याडम हासली. मग हासनं थांबवून म्हने, "लिख लेती हूँ, काका."

फोन ठेवला अन् मी पदर डोळ्याले लावला. मले कायचीच लाज नाही वाटली. सारी जिनगी या मानसानं फरशा घातल्या. फरशी फुटली का लोक बलावत. चांगली झाली म्हून कोनी कधी फोन केला नोता.

महागू उठला. भिंत धरत मोरीपाशी गेला अन् तिथं वाकला.

"शेवंता, लोटा आन. पानी टाक."

मी पानी टाकलं. त्याच्या हातावर सिमेंटचा एक ठिपका नोता. तरी त्यानं, काम सरल्यावर धुवे तसे, कोपरापर्यंत हात धुतले, बोटाच्या बेचक्या घासल्या, नखं घासली. दुसरा कोनता दिवस असता तं मी बडबडली असती का अन्न थंडं होऊन राह्यलं. त्या दिवशी लोटा सरला तं मी दुसरा भरून आनला.

हात पुसून तो म्हने, "वाढ आता. भूक लागली."