टँकर निघाल्याचं कळवणारी

त्या दुष्काळात टँकरची वाट बघण्यात आमच्या वस्तीतल्या बायांची शेंद्र्याच्या कंपन्यांतली रोजी बुडायची, आणि आम्ही कितीही मोर्चे काढले तरी पाणीपुरवठ्याचं ऑफिस ढिम्म! शहरातल्या छावणी भागात चहाच्या टपरीवर टँकरचं अ‍ॅप बनवणारी एक मुलगी भेटली. बोलताना सांडलेल्या चहात बोट बुडवून ती टेबलावर बाण काढायची.

मी म्हणालो, "फोननं दर मिनिटाला सर्व्हरला विचारावं, टँकर निघाला का?"

तिनं फोनकडून सर्व्हरकडं जाणारा बाण पुसून उलटा काढला. "दादा, मोर्चात लई ओरडता, अन् इथं बायांच्याच फोनला विचारत बसवता व्हय? बॅटरी त्यांचीच जाणार. ज्याच्याकडं खबर हाय, त्यानं सांगावं. टँकर निघाला की सर्व्हरच कळवंल."

पुढच्या आठवड्यात शेंद्र्यात कंपनीच्या गेटवर मी मोर्चाची पत्रकं वाटत होतो. कामावर आलेल्या आमच्या वस्तीतल्या शेजारच्या काकूंचा फोन वाजला, टँकर निघाल्याचा मेसेज होता. काकूंनी लगेच सुनेला फोन लावला, "हंडे घेऊन पळ गं," म्हणाल्या आणि कामावर आत गेल्या.