दोर किती उचलतो?

वजनमापे खात्यात अडतीस वर्षे निरीक्षक म्हणून काढलेल्या त्या गृहस्थांना कचेरीत सारे काटेसाहेब म्हणत. पारड्याच्या बुडाला चिकटवलेले मेण, दांडीत दडवलेले लोहचुंबक, आतून कोरलेले वजन अशी मानवी कपटाची इतकी रूपे त्यांनी पाहिली होती, की संशय हा त्यांच्या ठायी दोष न राहता व्रत झाला होता. दुकानदाराने हसून खुर्ची पुढे केली, की ते आधी खुर्चीखाली पाहत.

निवृत्तीनंतर एके सकाळी त्यांच्या मेंदूत रक्ताची गुठळी अडकली आणि डावे अंग लुळे पडले. हात हळूहळू वळला. पाय मात्र रुसलेल्या पाहुण्यासारखा वागू लागला; दहादा आर्जवे करावीत तेव्हा एकदा हलायचा. मुलीने निक्षून सांगितले होते, की महिनाअखेरच्या तपासणीत बाबा आधाराशिवाय दहा मीटर चालले तरच आईबाबांनी स्वतःच्या घरी राहावे. नाही तर रविवारी ती गाडी घेऊन येईल. तिने तिच्याकडची एक खोली रिकामीही केली होती. काटेसाहेबांना लेकीची माया होती, पण स्वतःचे घर सोडण्याची कल्पना त्यांना सोसत नसे.

उपचारकेंद्रात एक ट्रेडमिल होती. तिच्यावर लोखंडी चौकट, चौकटीतून लोंबणारे दोन दोर आणि त्या दोरांना जोडलेला, छातीपासून मांड्यांपर्यंत आवळायचा जाड कापडी पेहराव. काटेसाहेब त्याला खोगीर म्हणत. दोर ताणले, की देहाचा काही भार चौकट घेई. फिजिओथेरपिस्ट असलेली तरुणी शेजारी बैठ्या स्टुलावर बसून त्यांचे डावे पाऊल हातांनी उचलून पुढे ठेवी. परक्याचे पाऊल तळहातांत धरून त्याची भूमीशी पुन्हा ओळख करून देणे, यात जी नम्रता आहे तिला उपासनाच म्हणावे. काटेसाहेबांना मात्र तीत हातचलाखी दिसे.

प्रथम त्यांचा संशय यंत्राच्या आकड्यांवर गेला. त्यांनी फिरत्या पट्ट्यावर पत्नीकडून खडूची रेघ मारून घेतली, पट्टा टेपने मोजवला आणि चालता चालता फेरे मोजले. सत्तावन्न फेरे, तीन मीटरचा पट्टा, एकशे एकाहत्तर मीटर. यंत्र म्हणत होते एकशे सत्तर.

"झालं समाधान?" पत्नीने विचारले.

"एक मीटर कुठे गेला?" ते म्हणाले.

यंत्र निर्दोष ठरल्यावर संशय दोरांकडे वळला. आपण चालतो आहोत की आपल्याला चालवले जात आहे? ते रोज विचारीत, "बाई, दोर किती उचलतो?"

"पंधरा किलो, काका. कठडा सोडा आता."

पहिल्या आठवड्यात ती हे चौकटीमागच्या, दोरांचा भार दाखवणाऱ्या पडद्याकडे पाहून सांगे. पुढे न पाहताच सांगू लागली. काट्याकडे न पाहता वजन सांगणारा व्यापारी काटेसाहेबांनी आयुष्यात कधी सोडला नव्हता. 'पंधरा सांगते आणि तीस उचलते,' त्यांनी मनाशी पंचनामा केला. 'लेकीसमोर तोंडघशी पडणार मी.'

तपासणीच्या दिवशी पत्नीच्या पिशवीतून त्यांनी घरचा जुना स्प्रिंगचा काटा बाहेर काढला.

"काका, ह्याच्यावर माणूस टांगायचा नसतो."

"टांगू नका. एक दोर आहे तसा राहू दे. दुसऱ्यात हा अडकवा. मी नुसता उभा राहतो."

तरुणीने पत्नीकडे पाहिले, पत्नीने खिडकीकडे. काटेसाहेबांनी दोघींची नोंद घेतली. काटा अडकवला गेला. तो शून्यावर राहिला.

साहेबांनी आधी काट्यावरच संशय घेतला. त्याला पिशवी लावून पाहिली, दोन किलो. पुन्हा दोरात अडकवला, शून्य. दुसऱ्या दोरातही शून्य.

"कधीपासून?"

"दहा दिवस झाले," तरुणी म्हणाली. "दोर फक्त पडलात तर धरायला आहेत. सगळा भार तुमचाच."

"मग पंधरा का सांगितलंत?"

"खरं सांगितलं असतं तर तुम्ही दोन्ही हातांनी कठडा धरला असता. तरी चुकलंच माझं, काका. विचारून करायला हवं होतं."

काटेसाहेबांनी काट्यावरचे शून्य पुन्हा एकदा पाहिले. अडतीस वर्षे त्यांनी कमी भरणाराच शोधला होता. कोणी सांगितल्याहून अधिक पदरात टाकील, ही शक्यता त्यांच्या तपासात कधी बसलीच नव्हती.

"माप जास्त भरलं तरी ते चुकीचंच," ते म्हणाले, आणि पत्नीकडे वळून, "तुलाही ठाऊक होतं?"

"विचारलं असतंत तर सांगितलं असतं. तुम्ही विचारता कुठे? तपासता."

खोगीर उतरले. फरशीवर दहा मीटरची पिवळी पट्टी चिकटवलेली होती. काटेसाहेब निघाले. डावे पाऊल फरशीला घासत होते. सहाव्या मीटरला ते डावीकडे झुकले. तरुणीचा हात त्यांच्या कमरेपर्यंत आला, पण टेकला नाही. त्यांनी आधी त्या हाताकडे संशयाने पाहिले, मग स्वतःला सावरले.

"अठ्ठेचाळीस सेकंद," ती म्हणाली.

"पुन्हा."

"दमलात, काका."

"एका तोलावर निकाल देत नसतात."

दुसऱ्यांदा एक्कावन्न लागले, तिसऱ्यांदा एकोणपन्नास. तीनही वेळा हात टेकला नव्हता. त्यांनी नीट पाहिले होते. मग ते खुर्चीवर बसले आणि श्वास लागला असतानाच पत्नीला म्हणाले, "लेकीला फोन लाव. म्हणावं, रविवारी गाडी नको."

पत्नीने नंबर लावला आणि फोन त्यांच्याच हातात दिला.

"तुम्हीच सांगा. माझ्यावर विश्वास ठेवायची नाही ती. शेवटी मुलगी कोणाची?"