आत्याचा क्रेडिट स्कोअर

साऱ्या हैदराबादेत बँकेच्या कागदावरची बारीक अक्षरं पहिल्या ओळीपासून शेवटच्या ओळीपर्यंत वाचणारं एकच माणूस आहे आणि ते म्हणजे माझी आत्या. सुलतान बाजारच्या एका मुलींच्या शाळेत तिनं जन्मभर गणित शिकवलं. निवृत्त झाल्यावर बरोबरीच्या बायका भजनी मंडळात गेल्या, ही क्रेडिट कार्डांच्या नियमांत शिरली. कोणत्या कार्डावर किराण्याला किती पॉइंट, ते कधी बाद होतात, हे तिला पाढ्यांसारखं पाठ. पॉइंटांवर तिनं मिक्सर आणला, कुकर आणला आणि नात्यातल्या प्रत्येक लग्नात भिंतीवरचं घड्याळ दिलं. बँकेचा फोन आला की लोक कट करतात. आत्या खुर्ची ओढून बसते. एक मुलगी तर शेवटी काकुळतीला येऊन म्हणाली, "आंटी, तुमीच आके हमकू ट्रेनिंग देव ना!"

विद्यानगरात फ्लॅट पसंत करून मी होमलोनचे कागद जमवत होतो, तेव्हाची गोष्ट. मला बँकेतल्या एका मुलीचा फोन आला, "सर, आपलं कार्ड अपग्रेड होतंय, विमानतळाच्या लाउंजमध्ये फुकट बसा." मी हो म्हणणार, तेवढ्यात आत्यानं फोन काढूनच घेतला.

"अम्मा, येइच कार्ड बदलके देते, क्या नया अर्ज भरते?"

पलीकडून साहेबांना विचारून उत्तर आलं: नवा अर्ज, आणि जुनं कार्ड बंद.

"तो नक्को," म्हणून तिनं फोन ठेवला आणि माझ्याकडे वळली. "अरे, हे तुझं सगळ्यात जुनं कार्ड. बंद केलंस तर उधारीची एकूण मर्यादा घटेल आणि वेळेवर भरणारा म्हणून जी जुनी ओळख आहे, ती पुढेमागे पुसट होईल. नव्या अर्जाला बँक तुझी चौकशी करणार, त्यानंही स्कोअर उतरतो. कर्जाच्या तोंडावर हा उद्योग?"

मी मान खाली घातली. कारण त्याच महिन्यात असे तीन अर्ज मी मोबाइलवर भरून बसलो होतो. व्हायचं तेच झालं. स्कोअर घसरला, कर्ज देणाऱ्या बँकेनं व्याज चढवून सांगितलं आणि तो हप्ता मला झेपेना.

आत्या रागावली नाही. फ्लॅट विकणाऱ्या बाईंकडे एकटीच गेली, त्यांच्याशी दोन तास तेलुगूत बोलली आणि सहा महिन्यांची मुदत घेऊन आली. मग माझी शाळा सुरू झाली. नवा अर्ज नाही, कार्डावर खर्च बेताचा, बिल तारखेच्या आठ दिवस आधी. दर रविवारी ती माझा मोबाइल वही तपासावी तसा तपासायची. सहाव्या महिन्यात कर्ज जुन्या दरानं मंजूर झालं.

त्यानंतर कार्डाचं अपग्रेड तिनंच करायला लावलं, पण तेच कार्ड ठेवून आणि सगळे पॉइंट आधी खर्चून. "बदलताना ते पुढे नेतीलच असं नाही. आणि अपग्रेडला नव्या गिऱ्हाइकाचा बोनसही बहुतेक देत नाहीत." मी लाउंजवालंच कार्ड हवं म्हणालो. "वर्षात विमानात किती वेळा बसतोस?" मी म्हटलं, एकदा. मधल्या कार्डावर मिटलं.

वास्तुशांतीला पाहुणे गेल्यावर आत्या खोल्यांमधून हळूहळू फिरत होती, भिंतींवर तळहात टेकवत होती. मी विचारलं, "तुझा स्कोअर आम्हा सगळ्यांहून वर. तू का नाही गं घर घेतलंस?"

"गेले होते ना एकदा. तिशीत होते, पगार बरा होता. साहेब म्हणाले, मिस्टरांची सही आणा. म्हटलं, मिस्टर नाहीत. मग वडिलांची आणा म्हणाले. ते तर तेव्हा गेलेलेच होते." ती हसली. "आता स्कोअर आहे, तर बँक वय विचारते."

ती अजून गौलीगुड्याला दोन भाड्याच्या खोल्यांत राहते. त्या दिवशी मी आमच्या दाराची एक किल्ली तिच्या पर्समध्ये टाकली. तिनं ती परत केली नाही. पण आली की बेल वाजवते, आणि मी दार उघडेपर्यंत बाहेरच उभी राहते.