खोबरेल लावलेला प्रबंध

सत्तरच्या दशकाअखेर मी सांगलीत पदव्युत्तर इंजिनीअरिंग करत होतो. कार्बनचा धागा म्हणजे काय, हे आमच्या कॉलेजात दोघांनाच ठाऊक होतं: माझ्या मार्गदर्शक सरांना आणि मला. त्यातही मला अर्धवटच. सरांनी मुंबईच्या ओळखीतून एक काळीभोर जुडी मिळवली होती. दुसरी मिळणार नव्हती. धागा गुळगुळीत असला की रेझिन, म्हणजे त्याच्यावर ओतून घट्ट होऊ द्यायची राळ, त्याला नीट धरत नाही. म्हणून अर्धी जुडी ॲसिडात उकळून खरबरीत करायची, अर्धी तशीच ठेवायची, दोन्हींच्या पट्ट्या ओतायच्या आणि कोणती जास्त जोर सोसते ते बघायचं. एवढ्यावर माझी पदवी अडली होती.

ॲसिडातली जुडी धुऊन झाली आणि नेमकी प्रयोगशाळेतली वाळवायची भट्टी बंद पडली. मी शहाणपणा केला, जुडी खोलीवर आणून दोरीवर वाळत घातली आणि लायब्ररीत गेलो. वडूजहून आई आलेली होती. टायफॉइडनं तिचे निम्मे केस गेले होते.

परतलो तर आई आरशासमोर. खांद्यावर जाडजूड वेणी.

"आरं, गंगावन आणलंस आन बोललाबी न्हाईस! लय खरबरीत हुतं बघ. वाटीभर खोबरेल चोळलं, तवा कुटं मऊ पडलं."

मी ओरडायला तोंड उघडलं, तेवढ्यात तिनं विचारलं, "बरं दिसतंय न्हवं?"

"लय भारी," मी म्हणालो.

जेवताना मात्र खरं सांगावंच लागलं. तिनं वेणी सोडून माझ्या हातात दिली. "घे बाबा. मला वाटलं माझ्यासाठीच हाय." मला माझीच लाज वाटली. तिचे केस गेलेले मला दिसले होते, पण गंगावन आणावं हे काही सुचलं नव्हतं.

सर आधी कडाडले, "प्रबंध आहे की न्हाणीघर?" मग शांत होऊन म्हणाले, वेणीतली अर्धी ॲसिटोननं धुऊन तेल काढ, अर्धी तेलकटच राहू दे. तीन पट्ट्या झाल्या. ॲसिडवाली सगळ्यांत जास्त टिकली, साधी लवकर तुटली, आणि तेलकट पट्टीतला धागा रेझिनमधून अलगद बाहेर आला. पकड नसली की काय होतं ते त्यात उघड दिसलं, म्हणून परीक्षक त्या तिसऱ्या पट्टीवरच खूश झाले. माझ्या प्रबंधात 'खोबरेल तेलाचा लेप' असं स्वतंत्र प्रकरण आहे.

पदवी मिळाल्यावर बाजारातून खरं गंगावन घेतलं आणि वडूजला गेलो. आईनं ते उलटंसुलटं करून पाहिलं, हुंगलं, आणि तेलाची बाटली हातात धरून थांबली.

"ह्ये नक्की माझंच न्हवं? मग लावू का तेल?"