कापूस सोमवार बघून फुटत नाही

प्रिय इरा आणि निहार,

मी पुणं सोडलं त्या सकाळी तुमचा बाबा टोरांटोहून फोनवर माझ्याशी भांडत होता आणि मी खिडकीच्या जागेसाठी बसच्या कंडक्टरशी. दोन्ही भांडणं मी जिंकले. "आई, या वयात लोक मुलांकडे जातात, मराठवाड्यात नाही," असं बाबा तीनदा म्हणाला. चौथ्यांदा म्हणेपर्यंत बस सुटली होती.

पुण्यात मी चौतीस वर्षं शाळेत इंग्रजी शिकवलं. आजोबा गेल्यावर रिकाम्या फ्लॅटमधली धूळ पुसणं एवढंच काम उरलं. माझ्या एका जुन्या मैत्रिणीने संभाजीनगरला बोलावलं. तिच्या संस्थेची युवा केंद्रं वाळूज, चितेगाव, करमाड अशी गावोगाव पसरली आहेत. शाळा सुटलेल्या मुलामुलींना पुन्हा रुळावर आणायचं, हे त्यांचं काम. मला करमाडच्या अकरा मुली मिळाल्या. सगळ्या दहावीला इंग्रजीत अडकलेल्या. मार्चच्या परीक्षेत सुटल्या की आयटीआयचा दरवाजा उघडणार होता.

बुद्धविहाराशेजारच्या खोलीत वर्ग भरायचा. सोमवार ते शुक्रवार, अकरा ते एक. मी भिंतीवर वेळापत्रक लावलं आणि खाली नियम लिहिला: सलग तीन गैरहजेऱ्या झाल्या की नाव कमी. माझे वडील हेडमास्तर होते. "नियम सगळ्यांना सारखा," असं म्हणत त्यांनी मलाही वर्गाबाहेर उभं केलं होतं.

दसरा झाला आणि वर्ग ओस पडला. मी वाट पाहिली, तीन दिवस मोजले आणि लाल शाईने सात नावांवर रेघ ओढली. त्यांत दीक्षाही होती, सर्वांत हुशार. शिस्त लावल्याचं मला समाधान वाटलं, हेही लिहून ठेवते.

आठवड्याने उरलेल्यांपैकी एक मुलगी म्हणाली, "मॅडम, दीक्षाचं जमतंय. पाहुणे बघून गेले."

मी विचारत विचारत शेतात पोचले. दीक्षा आणि तिची आई शोभाबाई कमरेला ओटी बांधून कापूस वेचत होत्या. बाकीच्या मुलीही दोन सऱ्यांपलीकडे होत्या. दीक्षाने मान वर केली नाही.

"आता कशाला आलात मॅडम?" शोभाबाई हात न थांबवता म्हणाल्या. "तुम्हीच नाव कापलं ना? हिचे पप्पा म्हणले, मॅडमलाच नको तर आपण कशाला थांबायचं? पोरगी अठराची झाली."

"पण वर्ग सोमवारी असतो, हे ठाऊक होतं की."

"व्हय, ठाऊक होतं. कापसाला नव्हतं. कापूस काय सोमवार बघून फुटतो व्हय?"

पलीकडून हशा पिकला. त्यात दीक्षाचाही आवाज होता.

चौतीस वर्षांत मी एकाही पालकासमोर चूक कबूल केली नव्हती. त्या दिवशी केली. शोभाबाईंनी दुसरी ओटी माझ्याकडे टाकली. "मग बांधा. बोलत बोलत वेचा." सुकलेल्या बोंडांची टोकं बोटांत घुसत होती आणि मी 'टू हॅव'ची रूपं म्हणून घेत होते. दुपारी मुलींनी भाकरी सोडली तेव्हा बांधावर निबंध झाला.

दुसऱ्या दिवसापासून वर्ग तिथंच, जेवणाच्या सुट्टीत. मी सातही नावं पुन्हा लिहिली. संस्थेच्या समन्वयकाचा फोन आला, की सगळ्या केंद्रांचं वेळापत्रक एकच हवं. मी म्हटलं, "मग तुम्ही सगळ्या शेतांतला कापूस एकाच दिवशी फुटायला लावा. जमलं की कळवा."

दीक्षाच्या वडिलांपुढे मात्र हा तोरा चालला नाही. ते शेतावर आले, माझं ऐकून घेतलं आणि शांतपणे म्हणाले, "मॅडम, तुम्ही पुण्याच्या. पोरगा फॉरेनला. उद्या निघून जाल. पाहुण्यांना मी आज नाय म्हणलं आणि मार्चला तुम्हीच नसलात, तर हिचं काय?"

बाबाने पाठवलेलं डिसेंबरचं तिकीट माझ्या कपाटात होतं. चार महिन्यांचा मुक्काम.

"मी जाणार नाही," मी म्हणाले.

"लई लोक म्हणतात असं."

"मी रोज दिसेन. एक दिवस दिसले नाही तर खुशाल पाहुण्यांना बोलवा."

मग मी ते तिकीट रद्द केलं. तब्येतीचं कारण सांगितलं, ते खोटं होतं. तुम्ही दोघं रुसलात, निहार महिनाभर फोनवर आला नाही. तो राग मला मान्य आहे. पण मला पुन्हा विचारलंत तरी मी तेच करेन.

मार्चच्या परीक्षेत दीक्षा पास झाली. आता ती आयटीआयला इलेक्ट्रिशियनचा ट्रेड करते. पाहुण्यांनी दुसरी मुलगी पाहिली. वडील म्हणतात, "बरं झालं, त्यांना लई घाई होती." अकरापैकी दोघी नापास झाल्या. त्यांना मी सोडलेलं नाही आणि त्यांच्या घरच्यांनाही सोडणार नाही.

परवा इराने विचारलं, "आजी, तू घरी कधी येणार?" मला दया नको, खोलीही तयार ठेवू नका. पुण्याचा फ्लॅट माझा होता, पण तिथं मी असले-नसले तरी कुणाचं काही अडत नव्हतं. इथं माझ्या एका शब्दावर एका बापाने पाहुणे परत पाठवले. त्या शब्दाच्या आसपास मी राहते. तेच माझं घर.

तेव्हा तुम्हीच या. दसऱ्यानंतर आलात तर दाराला कुलूप असेल. जालना रस्त्याला करमाडला उतरा आणि शेतात या. येताना पूर्ण बाह्यांचे कपडे घाला. बसून राहायला मिळणार नाही.

तुमची आजी